नऊ ठोकळे

फोन वाजला तेव्हा तिच्या दोन्ही हातांत कोपरा होता. पुठ्ठ्याच्या डब्याचा कोपरा म्हणजे काय चीज असते हे बाहेरच्याला कळायचं नाही. गोंद लावून दोन कडा जुळवल्या की मनातल्या मनात वीसपर्यंत मोजायचं, तेवढा वेळ श्वाससुद्धा बेतानं घ्यायचा, मधे कुणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही. नाहीतर डबा जन्माचा तिरका. सतरा वर्षं ती या कारखान्यात कोपरे धरत आली होती, अत्तराच्या बाटल्यांच्या डब्यांचे, दागिन्यांच्या डब्यांचे, आणि तिचा डबा परत आलाय असं कधी झालं नव्हतं. चौदापर्यंत मोजून झालं होतं. शेजारी गोंदाची बादली घेऊन बसणाऱ्या मावशीनं तिचा फोन उचलला, पदराला हात पुसत तिच्या कानाशी धरला आणि म्हणाली, "घे बाई, कुणी मॅडम आहेत." त्या दवाखान्यातल्या चाचणीवाल्या बाई होत्या. नेहमीच्या मऊ आवाजात म्हणाल्या, "राईची आई ना? घाबरू नका हं, पण राईच्या यंदाच्या चाचणीत फार मोठी घसरण दिसतेय. बुधवारी दोघी या. शुक्रवारी तिच्या डोक्याचा फोटो काढायची वेळ घेतलीय." घाबरू नका म्हणणारं माणूस घाबरवायलाच आलेलं असतं, हे काय तिला नव्यानं कळायला हवं होतं? पण घाबरली ती फोटोला नाही. घसरण या शब्दाला घाबरली. हात कधी सुटले ते तिला कळलं नाही. मावशी डब्याकडे बघून म्हणाली, "अगं अगं, गेला की तो! आज काय भूत बघितलंस का काय?" तिनं तो डबा उचलला, उगाच दाबून बघितला आणि मोडीत टाकला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिचे आणखी चार डबे मोडीत गेले.

एक गोष्ट इथेच सांगून टाकलेली बरी, कारण ती स्वतः काही ती सांगायची नाही. एकोणीस वर्षं सांगितलेली नाही. तिला एचआयव्ही होता. राईला नव्हता. पोटात पाचवा महिना असताना रक्ताच्या तपासणीत निघालं, नवऱ्यानं स्वतःची तपासणी करून घ्यायचं शेवटपर्यंत टाळलं आणि राई दीड वर्षाची असताना तो गेला. लोकांना छातीचं दुखणं सांगितलं. बाळ जेमतेम पावणेदोन किलोचं, मोहरीच्या दाण्याएवढं, म्हणून सिस्टरच तिला राई म्हणायला लागली आणि तेच नाव चिकटलं. सहा आठवडे त्या दाण्याला औषध पाजलं, तीनदा रक्त तपासलं, आणि तिसऱ्यांदा डॉक्टर म्हणाले, "मुलीला काही नाही. सुटली ती." तेव्हा दवाखान्याच्या जिन्यात बसून ती हसली होती, एवढी की झाडूवाल्यानं पाणी आणून दिलं. सुटली म्हणजे सुटली, विषय संपला, असं वाटण्याचा तो एकच दिवस. त्याच दवाखान्यात अशा मुलांची नोंद ठेवत होते: आईला आहे, मुलाला नाही, तर त्या मुलाची वाढ कशी होते, डोकं कसं चालतं, मन कसं राहतं. बारा वर्षांचं होईपर्यंत दर वर्षी बोलवायचे, मग एकदम सज्ञान झाल्यावर. राईला सांगितलं होतं, कमी वजनाच्या बाळांची तपासणी असते. आणि आई रोज संध्याकाळी सातला गोळी घेते ती थायरॉइडची. थायरॉइड बिचारं काही बोलत नाही, त्याच्यावर काय वाटेल ते ढकलावं. राई सहा वर्षांची झाल्यापासून पाण्याचा पेला तीच आणून द्यायची. डबा विसरायची, छत्री विसरायची, एकदा तर शाळेतून एका पायात दुसऱ्याच मुलीचा बूट घालून आली. पण सात वाजले की पेला हजर. "आई, थायरॉइड," असं म्हणायची, जणू थायरॉइड कुणी पाहुणा आहे आणि दारात उभा आहे.

हे सगळं कुठे सुरू झालं ते तिला नेमकं माहीत होतं, आणि हेच वाईट. माणसाला आपली चूक धूसर आठवली तर तो निदान वकिली करू शकतो. राई पाच वर्षांची होती. चाचणीची खोली पॅसेजच्या टोकाला, दाराला वर एक काचेची चौकट, आयांनी बाहेर बाकावर बसायचं. पलीकडे दोन शिकाऊ डॉक्टर चहा पीत उभे होते, एक दुसऱ्याला म्हणाला, "ही मुलं कधीकधी जरा मागे राहतात." कधीकधी म्हणाला होता तो. जराही म्हणाला होता. तिच्या कानात शिरलं ते फक्त मागे राहतात. मग ती उठली आणि काचेतून बघितलं. राईच्या समोर नऊ ठोकळे, लाल-पांढरे, काही बाजू तिरप्या अर्ध्या लाल अर्ध्या पांढऱ्या, आणि एक चित्र. चित्रासारखं जुळवायचं होतं. राई एक ठोकळा हातात घेऊन तो चाटत होती. बाई थांबल्या, घड्याळ बघितलं, पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं. ते लिहिणं तिला दिसलं. रक्त तिचं होतं. मुलीच्या डोक्यात जे काही अडलं होतं ते तिच्याच नाळेतून गेलेलं होतं. दुसरं कोण होतं त्या घरात दोष द्यायला? बाहेर येऊन बाई म्हणाल्या, "छान आहे हो, लहान आहे अजून, पुढच्या वर्षी बघू." आणि ती मनात म्हणाली, बघाच.

आता डबे करणाऱ्या बाईची नजर कशी असते, तर सपाट पुठ्ठा बघूनच तिला उभा डबा दिसतो, कुठली रेघ कुठे दुमडणार ते बोटांना आधी कळतं. पुढच्या वर्षी ती काचेपाशी उभी राहिली. एकामागून एक चित्रं आली, आणि तिनं ती डोळ्यांनी दुमडून घेतली; घरी येताना बसच्या तिकिटांच्या पाठीवर काढली. कारखान्यातून तुकडे आणले, राखी पुठ्ठा, दागिन्यांच्या डब्यांचा लाल कागद, पांढरा कागद. नऊ ठोकळे केले. असे कोपरे तिनं मालकासाठीही कधी धरले नव्हते. बिस्किटांच्या जुन्या डब्यात ते राहायला लागले, आणि रोज सातची गोळी झाली की आठपर्यंत दोघी जमिनीवर. "हे कर. आता हे. वीसच्या आत." बाई आकडे सांगायच्या ते उलट्या क्रमानं म्हणणंसुद्धा, दाराआडून ऐकू यायचं तेवढं सगळं. राई चुकली की ती काही बोलायची नाही, फक्त तो ठोकळा फिरवायची. शंभर वेळा फिरवायची. आणि राई खिदळायची, तिच्या मांडीवर डोकं टेकवायची, "परत, परत" म्हणायची, कारण दिवसभर कारखान्यात असणारी, घरी आल्यावर भांडी, कपडे, पाणी यांत बुडालेली आई फक्त त्या एका तासात खाली बसायची. सात वर्षांची झाली तेव्हा चाचणीवाल्या बाई स्वतः दार उघडून बाहेर आल्या. "काय हो, काय खायला घालता मुलीला?" आणि एक कार्ड दिलं, त्यावर सोनेरी तारा, खाली 'उत्तम'. तिला लाज वाटली का? वाटली. पण आनंद इतका मोठा झाला की लाजेला बसायला जागाच उरली नाही. चोरी पकडली गेली नाही की माणसाला ती हळूहळू मेहनत वाटायला लागते. बाराव्या वर्षापर्यंत सहा कार्डं झाली. राईनं ती पलंगाच्या वरच्या भिंतीला लावली.

सगळ्यांत काळी आठवण ठोकळ्यांची नाहीच. ती शाळेतली आहे. राई नऊ वर्षांची, वर्गशिक्षिकेनं बोलावून घेतलं होतं. साधी, दमलेली, चांगली बाई. म्हणाली, "वाचताना ओळ हरवते तिची. तीन गोष्टी सांगितल्या तर एक उरते. मंगळवारी नि शुक्रवारी एक वेगळ्या बाई येतात अशा मुलांसाठी, तिथे बसवू या का?" अशा मुलांसाठी! तिनं पिशवीतून कार्डं काढली आणि टेबलावर पत्ते मांडावेत तशी मांडली. शिक्षिकेनं बघितली. दवाखान्याचा शिक्का, तारे, उत्तम, उत्तम, उत्तम. तिचा चेहरा बदलला. "अच्छा. म्हणजे डोकं आहे की मुलीला. मग हा आळस आहे." आणि राईकडे वळून, "काय गं, एवढी हुशार असून असं?" राई आईकडे बघत होती. ती खाली बघत होती, एकेक कार्ड परत गोळा करत. त्या दिवसापासून राई हुशार पण आळशी. शाळेत, शेजारी, शिकवणीत, आणि हळूहळू स्वतःच्या तोंडानं. रात्री वही मांडीवर घेऊन बसायची, बोटांच्या कडेची कातडी कुरतडायची आणि म्हणायची, "मला येतंय आई, मी फक्त नीट करत नाहीये." दहावी कशीबशी झाली, बारावी दोनदा. मग नर्सिंगला गेली. तिला माणसं आवडायची, पांढरे कपडे आवडायचे, आणि भिंतीवरचे तारे सांगत होते की जमेल. तिसऱ्या महिन्यात तिच्या हातून दोन खाटांच्या कागदांची अदलाबदल झाली. कुणाला इजा झाली नाही, मोठ्या सिस्टरनं वेळेत बघितलं, पण त्यानंतर राई गेलीच नाही. आठ महिने घरात. दुपारी झोपायची, रात्री जागायची, आंघोळीला गेली की तासभर नळ चालू ठेवून नुसती बसायची. आणि कारखान्यातली मावशी, जिला ताऱ्यांपलीकडे यातलं काहीच ठाऊक नव्हतं, रोज विचारायची, "तुझी तारका काय म्हणते गं?" ती म्हणायची, "मजेत."

बुधवारी दवाखान्यात चाचणीवाल्या बाईंनी राईला बाहेर बसवलं आणि तिला आत घेतलं. बाई आता म्हाताऱ्या झाल्या होत्या, चष्मा दोरीनं गळ्यात. दार तेच, काच तीच. आज बाकावर राई होती आणि आत ती, एवढीच अदलाबदल. बाईंनी कागद फिरवून तिच्यासमोर ठेवला. एक रेघ, पाच वर्षांपासून सुरू झालेली, वर, वर, आणखी वर, बारापर्यंत. मग रिकामी जागा. मग एकदम तळाशी एक टिंब. "इतक्या वर्षांत अशी रेघ मी पाहिलेली नाही," बाई म्हणाल्या. "या वेळचा संच मोठ्यांचा, नवा आहे, ते धरलं तरी एवढं खाली कसं येईल? मधे काहीतरी घडलंय. मन तर खचलंय तिचं, ते दिसतंच आहे, त्यासाठी मी वेगळं बोलणार आहे तिच्याशी. पण आधी डोक्यात काही नाही ना ते बघायला हवं. तुम्हाला काही आठवतं? मार, ताप, काही?" टेबलावर खऱ्या ठोकळ्यांची पेटी होती. लाकडाचे होते, कडा झिजलेल्या. तिला वाटलं, आपले जास्त सरळ आहेत. हा विचार आला आणि तिला स्वतःची शिसारी आली. आता सांग, तिनं स्वतःला बजावलं, एक वाक्य आहे, सांग आणि मोकळी हो. तोंड उघडलं आणि आतून आपोआप निघालं, "नाही हो. शाळेत तर फार हुशार होती." सवय म्हणजे कसली असते! खोटं बोलायलासुद्धा जिभेनं तिची परवानगी घेतली नाही. बाईंनी मान हलवली, लिहून घेतलं, त्याच पेन्सिलीनं. "आणि दुसरं," त्या म्हणाल्या, "ती आता सज्ञान आहे. पुढच्या कागदावर तिची सही लागेल. ही नोंद कसली ते तिला माहीत हवं. मागच्या वर्षी फोनवर तुम्ही सांगते म्हणालात." "सांगते," ती म्हणाली. "कधी?" बाईंनी टेबलावर हात पुढे केला, तिच्या हाताला लावला, आणि त्या दयेनं ती जास्तच आक्रसली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

बसमध्ये राई खिडकीशी बसली. समोरच्या सीटवर एक लहान मूल आईच्या खांद्यावरून मागे बघत होतं, राईनं त्याला जीभ दाखवली, ते हसलं, मग राई परत खिडकीकडे वळली. एवढंच. ही मुलगी माणसांत राहायला जन्मलेली, आणि आपण तिला ताऱ्यांच्या नादाला लावलं. एक थांबा आधीच राई उठली, "चालत जाऊ या?" पुस्तकांच्या दुकानावरून, बंद पडलेल्या सिनेमागृहावरून दोघी चालल्या. राईची चाल थोडी वाकडी, आतल्या बाजूला पाय टाकणारी, लहानपणापासून तशीच. घरी आल्या तेव्हा साडेपाच वाजले होते. तिनं चहा टाकला. राई ओट्याला टेकून उभी राहिली.

"आई, खरं सांगशील?"

"काय?"

"मला वेड लागतंय का?"

"काहीतरीच काय!"

"मग मधे काय झालं? निघताना त्या बाई मलाही म्हणाल्या, बारा ते एकोणीसच्या मधे काहीतरी झालंय. नर्सिंग सुटल्यापासून मी तेच आठवून आठवून बघते, रात्रभर बघते. मी डोक्यावर पडले होते का कधी? की..." राईनं बोट तोंडात घातलं, काढलं. "की कुणी काही केलं होतं मला, नि मी विसरले? कारण मी विसरतेच ना आजकाल सगळं. असं काही असेल आणि तुला माहीत असेल तर सांग आई. मी रागावणार नाही."

चहा उतू गेला. तिनं गॅस बंद केला, फडकं घेतलं, परत ठेवलं. आठ महिने पोरगी रात्री-रात्री जागून स्वतःच्याच आयुष्यात कुणी न केलेला गुन्हा शोधत होती, एकेका माणसाचा चेहरा आठवून बघत होती, हा असेल का, तो असेल का. आणि गुन्हेगार बाजूच्या खाटेवर झोपलेली होती. मनात तिनं हे बोलणं शंभर वेळा घोळवलं होतं, मऊ शब्द निवडले होते, आधी हे मग ते असं लावून ठेवलं होतं. त्यातलं एकही आलं नाही.

"तू कुठूनही घसरली नाहीस," ती म्हणाली. "तू कधी वर नव्हतीसच."

कुणी थोबाडीत मारावी तसा राईचा चेहरा झाला. ती म्हणाली, "म्हणजे?"

मग तिनं सांगितलं. काच सांगितली, तिकिटं सांगितली, वीसपर्यंत मोजणं सांगितलं. शाळेतलं टेबल सांगितलं. कपाटाच्या वरून बिस्किटांचा डबा काढून ओट्यावर ठेवला, पुरावा ठेवतात तसा. राईनं झाकण उघडलं. लाल कागदाचा रंग उडून विटकरी झाला होता, पण एकही कोपरा उसवला नव्हता. राईनं एक ठोकळा उचलला आणि तळहातावर फिरवत राहिली.

"पण मला वाटायचं आपण खेळतोय," ती म्हणाली.

"खेळतच होतो गं."

"नाही. मी खेळत होते. तू काम करत होतीस."

खाई त्याला खवखवे म्हणतात. इथे खाल्लं तिनं होतं आणि आठ महिने खवखव मात्र पोरीच्या घशात. राईच्या डोळ्यांत पाणी आलं नाही, तेच तिला सहन होईना.

"त्या बाई मला आळशी म्हणाल्या तेव्हा तू तिथे होतीस," राई म्हणाली. "तुला माहीत होतं मी आळशी नाहीये. जगात एकट्या तुला माहीत होतं. आणि तू कार्डं गोळा करत बसलीस."

"हो."

"का पण? कमी वजनाची बाळं मागे राहतात, तर राहतात! त्याची एवढी काय लाज? सांगायचं की, हिला नाही जमत. दवाखाना होता तो, काही लग्न नव्हतं ठरवायचं."

"ती नोंद कमी वजनाची नव्हती."

"मग?"

"माझ्यामुळे होती. मला आजार आहे."

"थायरॉइड?"

"थायरॉइड नाही." ती डब्याच्या झाकणाकडे बघत म्हणाली, "तो आहे. तू पोटात असल्यापासून. त्या आधीपासून."

"तो कुठला?"

"तोच गं. ज्याचं नाव घेत नाहीत."

राईनं तीन महिने का होईना, नर्सिंग केलं होतं. तिला कळायला वेळ लागला नाही. "मला?" तिनं विचारलं, आणि तो शब्द इतका लहान आवाजात आला की तो एकोणीस वर्षांच्या मुलीचा वाटला नाही. "तुला नाही," ती घाईघाईनं म्हणाली, "तीनदा बघितलंय, तुला काही नाही, शपथ." राईनं हातातला ठोकळा डब्यात ठेवला, झाकण नीट दाबून बसवलं, आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. आपटलं नाही. कडी लावल्याचा आवाज तेवढा आला.

सव्वासहा. ती स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून राहिली. सांडलेला चहा ओट्यावर सुकत चालला होता. आतून काही ऐकू येत नव्हतं, नळाचंही नाही, रडण्याचंही नाही, एकदा काहीतरी भिंतीवरून ओढल्यासारखा कागदाचा आवाज आला, मग पुन्हा, असा सहा वेळा. तिनं मोजले. तिला वाटलं, उठावं, दार वाजवावं, म्हणावं, की मला भीती वाटत होती गं. तू मागे पडलीस तर लोक विचारतील, 'का?', आणि त्या 'का'चं उत्तर मी होते. पण हेही स्वतःचंच रडगाणं झालं असतं. मुलीला वाचवत होतो म्हणताना आपण वाचवलं कुणाला? मंगळवारच्या आणि शुक्रवारच्या त्या वेगळ्या बाई. ती त्यांना कधी भेटली नव्हती. त्यांनी कदाचित राईला ओळीखाली पट्टी धरायला शिकवली असती, तीन गोष्टी कागदावर लिहून घ्यायला शिकवलं असतं. एवढंसंच काहीतरी असतं ते. एवढंसं, आणि दहा वर्षं. आजारानं तिच्या मुलीचं किती नेलं हे तिला माहीत नव्हतं, डॉक्टरांनाही नव्हतं, कदाचित काहीच नेलं नसेल. तिनं स्वतः किती नेलं तेवढं मात्र नक्की माहीत होतं.

सात वाजले. समोर शेल्फवर गोळ्यांची बाटली होती, लेबल खरवडून काढलेली. पाण्याचं पिंप हाताच्या अंतरावर. एकोणीस वर्षांत तिनं गोळी चुकवली नव्हती, तापात नाही, नवरा गेला त्या दिवशीही नाही, आणि आज उठायचं एवढं सोपं काम होतं, पण तिला ते होईना. आज आपल्याच हातानं पेला भरला तर ते कायमचं होईल, असं काहीतरी तिच्या मनानं घेतलं. सात वाजून पाच. खालच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची सरकवली. सात वाजून आठ. बरोबरच आहे, ती स्वतःला म्हणाली, का द्यावं तिनं?

कडी निघाली. राई बाहेर आली, डोळे सुजलेले, बोटाच्या कडेला रक्त. आईकडे न बघता तिनं शेल्फवरून पेला घेतला, पिंपातून भरला आणि ओट्यावर ठेवला, थोडा आपटूनच.

"दहा मिनिटं झाली," ती म्हणाली. "घे."

तिनं गोळी घेतली. घेता घेता एक गोष्ट तिच्या लक्षात आली, ती तेरा वर्षं रोज डोळ्यांसमोर होती: ही पोरगी सगळं विसरते, हे एक कधी विसरली नाही, आणि हे तिला कुणी ठोकळे फिरवून शिकवलं नव्हतं. ती हे बोलणार होती. पण राईचा चेहरा बघून तिनं पेला विसळून पालथा घातला. आज कौतुक करायचा तिला हक्क नव्हता.

राई समोर जमिनीवर बसली, भिंतीला टेकून. मांडीवर नर्सिंगची वही, उलटी करून शेवटचं कोरं पान उघडलेलं, हातात पेन.

"शुक्रवारी बाईंना मी सांगणार," ती म्हणाली. "तू नाही. तू परत काहीतरी सुंदर बोलशील."

"बरं."

"आणि माझा राग गेलेला नाहीये."

"बरं."

"आता नाव सांग. आजाराचं, गोळीचं, कधी कळलं, मला कुठलं औषध पाजलं, सगळं. हळू सांग, मी लिहून घेते. नाहीतर विसरेन." पेनाचं टोपण दातांत धरून तिनं पहिल्यांदा आईकडे सरळ बघितलं. "मी पहिल्यापासूनच विसरते ना?"

"हो," ती म्हणाली. "पहिल्यापासून."

राईनं मान हलवली, ऐकलेलं नीट बसवून घ्यावं तशी, आणि पेन कागदाला टेकवलं.

या घरात तो शब्द कधी कुणी उच्चारला नव्हता. "एच," ती म्हणाली, आणि राईचं लिहून होईपर्यंत थांबली. या वेळी तिनं मोजलं नाही.